वेदनामापकाचं शून्य

हौसाबाई गुरव दवाखान्याच्या खुर्चीत ताडकन उठून बसल्या. खालच्या दाढेचं रूट कॅनाल सुरू होतं. ओठ बधिर झाला होता, पण दाढेतून थेट मस्तकापर्यंत कळ गेली होती. खुर्चीला जोडलेल्या वेदनामापकाच्या यंत्रावर मात्र शून्य होतं, आणि शून्य असेपर्यंत दुसऱ्या इंजेक्शनचा कप्पा उघडत नसे.

"मावशी, दुखत नाहीये. यंत्र सांगतंय," डॉ. तस्नीम मुजावर म्हणाल्या.

"दाढ माझी की यंत्राची? याला शिकवलं कुणी?"

"आम्हीच. वीस वर्षांपूर्वी एक इंजेक्शन की दोन, याची तुलना केली होती. एकाच इंजेक्शनवर तीनशे पेशंट म्हणाले, दुखत नाही. त्याच नोंदींवरून हे शिकलं."

"त्यातली एक मी!" हौसाबाई कडाडल्या. "तोंडात तुमची बोटं, आणि वर विचारत होतात, 'दुखत नाही ना?' डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी मान हलवली. नवीन डॉक्टरीणबाई, वाईट वाटायला नको म्हणून!"

ती मान तस्नीम यांनीच शून्य म्हणून लिहिली होती. त्यांनी चिमट्याने कप्पा उचकटला, दाढेशेजारी दुसरं इंजेक्शन दिलं, तोंडातून हात काढला आणि थांबल्या.

"आता दुखतंय?"

हौसाबाईंनी या वेळी नुसती मान हलवली नाही.

"दुखतंय," त्या म्हणाल्या. "अजून द्या."