धान्याच्या खोलीतली खरखर

“कोल्हा आहे तो. झोप,” खालून सासूचा, गलीलाचा आवाज आला.

“मूल रडल्यासारखं वाटलं, आई.”

“कोल्हे असेच रडतात. समुद्रावरच्या राणीसाहेबांना कुठून ठाऊक असणार!”

इन्शिराह जिन्यावरून परत खोलीत आली आणि तिने पांघरूण डोक्यावर ओढलं. अलेक्झांड्रिया सोडून फय्यूमच्या या शेतावर येऊन तिला अकरा दिवस झाले होते. माहेरी खिडकीखालून अर्ध्या रात्रीपर्यंत ट्राम धावायची, कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात सोंगट्या आपटायच्या, आणि ती खुशाल झोपायची. इथे झावळी हलली तरी ती उठून बसे.

रात्री नवरा जवळ नसे. तलावाकाठी रागिबची माशांची तळी होती. चोर जाळी टाकतात म्हणून जेवण झालं की तो राखणीला जाई आणि पहाटे परते. जाताना फाटकाला बाहेरून कुलूप घाली. दिवसा तेच कुलूप आतून लागे. किल्ली त्याच्या गळ्यात असे.

“तुमच्याच भल्यासाठी,” तो म्हणाला होता. “घरात दोघी बायका.”

इन्शिराह एकेक आवाज ओळखायला शिकली. दम लागल्यासारखा थांबत थांबत चालतो, तो कालव्यावरचा पंप. ओलं, जड काहीतरी चावल्यासारखं येतं, ती म्हैस रवंथ करतेय. छपरावर बोटं फिरवल्यासारखं वाटतं, ती खजुराची सुकी झावळी. खाली भट्टीशेजारी झोपणारी सासू दर वेळी एका शब्दात नाव सांगे आणि वर एखादा टोमणा मारी.

एक आवाज मात्र तिला काही केल्या पचेना. धान्याच्या खोलीतून यायचा. खर्र... खर्र... मग थोडा वेळ शांत. पुन्हा खर्र.

“आई, हे काय?”

आवाज थांबला. जरा वेळाने गलीला म्हणाली, “उंदीर.”

“एवढे मोठे?”

“गावचे आहेत. खाऊन खाऊन माजलेत.”

सकाळी तिने रागिबला सांगितलं. तो हसला. “विष आणतो.”

“विष नको, माझ्या कोंबड्या मरतील,” गलीला म्हणाली. “आणि पोती हलवू नकोस. घरभर पांगतील.”

तो झोपायला वर गेल्यावर तिने सुनेकडे रोखून पाहिलं. “रात्री ऐकलेलं सगळं सकाळी नवऱ्याच्या कानात ओतायलाच हवं का? तुझ्या पोटात काही राहतच नाही.”

तिसऱ्या महिन्यात इन्शिराहने वडिलांना भेटायला जायचं काढलं. रागिब म्हणाला, नंतर. तिने पुन्हा विचारलं तेव्हा त्याने तिचा फोन मागून घेतला. बिघडलाय, दुरुस्तीला टाकतो म्हणाला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने कानाखाली वाजवली. डाव्या कानाने तिला आठवडाभर नीट ऐकू आलं नाही.

गलीला समोरच कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली नाही.

“होते सवय,” ती नंतर एवढंच म्हणाली.

आणि सवय होत गेली. पंप, म्हैस, झावळी, उंदीर. एका सकाळी इन्शिराहच्या लक्षात आलं की आपण रात्रभर गाढ झोपलो होतो. त्या दिवशी ती जितकी घाबरली, तितकी कोल्ह्याच्या रडण्यालाही घाबरली नव्हती.

थंडीत, एका दुपारी, वरच्या खिडकीतून तिला फाटकाबाहेर बहीण दिसली. नगवाच. निळा कोट, हातात पिशवी. फाटकाच्या फटीला तोंड लावून गलीला तिच्याशी बोलत होती. हाक इन्शिराहच्या ओठांपर्यंत आली, पण शेजारी रागिबने कूस बदलली. तो परत घोरू लागेपर्यंत ती श्वास रोखून उभी राहिली, मग अनवाणी जिना उतरली. तोवर निळा कोट कालव्याच्या वळणावर पोचला होता.

“काय सांगितलंत तिला?”

“तू इथे नाहीस म्हणून.”

“आई!”

“हळू. तो उठेल.”

त्या दिवसापासून इन्शिराहने सासूच्या हातचा घास घेणं सोडलं. पाव स्वतः भाजून घ्यायची, कोपऱ्यात बसून खायची, बोलायची नाही. गलीलानेही समजूत काढली नाही.

चौथ्या रात्री रागिब राखणीला गेला. कुलूप लागल्याचा आवाज झाला, त्याच्या मोटारसायकलची फटफट विरून गेली. इन्शिराहने भट्टीतला निखारे सारायचा लोखंडी गज आधीच वर नेऊन ठेवला होता. फाटक फोडायचं. म्हातारी आडवी आली, ओरडली, तरी फोडायचं. गज घट्ट धरून ती खाली आली.

गलीलाचं अंथरूण रिकामं होतं.

धान्याच्या खोलीतून आवाज येत होता. खर्र. खर्र. दाराखालून उजेडाची रेघ दिसत होती. इन्शिराहने गज उगारला आणि दार ढकललं.

पोती बाजूला ओढलेली होती. गलीला भिंतीपाशी गुडघ्यांवर बसली होती. हातात मोडका विळा, बोटांना चिंध्या, चिंध्यांवर रक्त. कच्च्या विटांच्या हातभर जाड भिंतीत एक काळं भगदाड होतं आणि त्यातून कालव्यावरचा गार वारा आत येत होता.

“उभी काय राहिलीस? दिवा धर,” मागे न वळताच ती म्हणाली. “शेवटची वीट आहे.”

वीट निघाली. ती बाहेर पडली नाही. बाहेरून कोणीतरी ती अलगद काढून घेतली.

“इन्शी?” नगवाची कुजबुज आली. “लवकर ये. गाडी पुलापाशी उभी आहे.”

इन्शिराहच्या हातातला गज पोत्यावर पडला. तिला रडू फुटलं. तिने सासूचं मनगट धरलं आणि ओढू लागली.

“आई, चला. तुम्ही आधी.”

गलीलाने आपल्या रुंद कमरेवर हात ठेवले, एकदा भगदाडाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे.

“तुझ्या मापाचं काढलंय, पोरी,” ती म्हणाली. “माझ्या मापाचं काढायचं, तर तुझा आणखी एक हिवाळा इथे गेला असता.”