भेंडी खाणारा नवरा

मिरजेच्या शालनकाकू कुंटे ब्लॉगवर थापा मारायच्या आणि लोक त्या चवीनं वाचायचे. परवा त्यांनी लिहिलं, "सरकारनं आमच्या ह्यांना नेलंय आणि हुबेहूब दुसरा नवरा आणून ठेवलाय. चाळीस वर्षं भेंडीला तोंड वाकडं करणारा माणूस काल दोनदा मागून घेतो म्हणजे काय?" कमेंट्समध्ये सगळे पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक माणूस आला. गळ्यात सरकारी ओळखपत्र, बोलणं अगदी गोड.

"काकू, तुमची तक्रार वाचली. दुरुस्ती केलीय."

"अहो, तक्रार कसली? गंमत केली मी."

"असू दे. आणखी काही वेगळं वाटलं तर लिहीत जा. आम्ही रोज वाचतो."

दुपारी काकूंनी मुद्दाम भेंडी केली आणि मनातल्या मनात म्हणाल्या, 'आज तेवढी मुकाट खा हो.'

नवऱ्यानं, त्र्यंबकरावांनी, तोंड वाकडं केलं आणि ताट सरकवलं.

संध्याकाळी काकूंनी एकच ओळ लिहिली, "आमचे हे अगदी पहिल्यासारखे आहेत."

या वेळी कुणी हसलं नाही. खाली गावातल्या बायकांच्या कमेंट्स येत राहिल्या, एकामागून एक, "आमचेही."