तिसऱ्या वळणावरचा हॉर्न

चादर कडक इस्त्रीची होती. आईने ती कपाटातून काढली, तेव्हा मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "आई, ती पाहुण्यांची आहे."

"मग आज ते कोण आहेत?" आई म्हणाली.

डोंगरावरचं हे विश्रामगृह चालवायला घेतल्यापासून तीस वर्षं बाबा मधोमध शिवण घातलेल्या चादरीवर झोपत आले होते. चांगल्या चादरी पाहुण्यांना, हा त्यांचाच नियम. तो मोडायला त्यांना आज पहाटे साडेपाचला, चहाच्या वेळी, मरावं लागलं. दूध मात्र उतू गेलं नाही. आधी गॅस बंद करून मगच ते खाली बसले होते. माणूस पहिल्यापासून व्यवस्थित.

पाहुण्यांना कळू द्यायचं नाही, हे आईनेच ठरवलं. तीन दिवसांपासून बावीस जण राहायला होते, सगळे एकाच घराण्यातले. त्यांतले दोघे सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. काल संध्याकाळी बाबांनी त्या दोघांना एका टेबलावर बसवलं आणि दोघांत मिळून एकच मीठदाणी ठेवली, ती धाकट्याच्या बाजूला. थोरल्याने अर्धी वाटी सूप तसंच रेटलं. शेवटी म्हणाला, "मीठ दे." धाकट्याने दिलं. मग दोघे बराच वेळ बोलत बसले. बाबा दाराआडून बघत होते. आत येऊन आईला म्हणाले, "सूप मुद्दाम अळणी केलं होतं, बरं का. नाहीतर म्हणशील विसरलो."

"आजचं जेवण एकत्र होऊ दे त्यांचं," आई म्हणाली. "तीन वाजता सगळे उतरतील, मग आपणही खाली जाऊ, अंत्यविधीला. आत्ता सांगितलं तर दोघे भाऊ दोन गाड्यांनी पळतील. यांची मेहनत पाण्यात."

म्हणून डॉक्टर टोपी घालून, हातात काठी घेऊन, फिरायला आल्यासारखे आले आणि कागदावर सही करून फिरत फिरतच खाली गेले. शववाहिका नको ठरली. तिला लपायची सवय नसते. अकरा वाजता लाँड्रीची गाडी येणारच होती. मुलाने आणि ड्रायव्हरने बाबांना मागच्या दाराने नेऊन गाडीत निजवलं. आईने चादर नीट केली, एक सुरकुती होती ती तळव्याने काढली.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून एका पाहुण्याने मुलीला हाक मारली. "काय गं, काका दिसले नाहीत सकाळपासून?"

"खाली चाललेत. काम निघालं."

"सारखी आपली धावपळ! जरा विश्रांती घ्या म्हणावं."

"सांगते," मुलगी म्हणाली.

राहता राहिला निरोप. कुणीही उतरायला निघालं की घरच्यांनी पायरीवर उभं राहायचं, हा इथला रिवाज. तिसऱ्या वळणापुढे रस्ता डोंगराआड जातो. तिथे पोचलं की गाडीने हॉर्न द्यायचा आणि इकडून बाबांनी घंटेचा एक टोला द्यायचा. "हात हलवलेला दिसत नाही," ते म्हणायचे, "आवाज पोचतो." जेवणाची घंटाही तीच. आताच्या पाहुण्यांना तर तेवढीच माहीत होती.

मुलगा ड्रायव्हरशेजारी बसता बसता म्हणाला, "आज हॉर्न नको हं. हॉर्न झाला की घंटा, आणि घंटा झाली की सगळे जेवायला हजर."

"नाही देत," ड्रायव्हर म्हणाला. बावीस वर्षं तो या रस्त्यावर होता. त्याने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली.

"पायरीवर येतेस?" मुलीने आईला विचारलं.

"लाँड्रीच्या गाडीला कोण निरोप देतं? लोक हसतील." आई स्वयंपाकघरात गेली आणि बटाटे सोलायला बसली.

पहिल्या वळणावर गियर बदलल्याचा आवाज आला. पुढच्या मोसमात दाराला कुलूप लावू आणि आपणही कुठेतरी पाहुणे म्हणून जाऊ, असं बाबा दर मोसमात म्हणायचे. दुसरं वळण गेलं. आईच्या हातात अजून तोच बटाटा होता. सोलून सोलून तो लिंबाएवढा झाला होता.

तिसऱ्या वळणावर हॉर्न वाजला.

कबूल ड्रायव्हरने केलं होतं. त्याच्या हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

"आई, नको," मुलगी म्हणाली. पण आई अंगणात पोचली होती. तिने दोर धरला आणि एक टोला दिला. मग तिथेच, दोर धरून, समोरच्या डोंगराकडे बघत राहिली. आवाज पोचेपर्यंत.

वर खुर्च्या सरकल्या, जिन्यावर चपला वाजल्या. पाच मिनिटांत बावीसच्या बावीस जण जेवणघरात. बटाटे कच्चे, भात चढायचा होता. दोघे भाऊ कालच्याच टेबलावर बसले होते, आज कुणी न बसवता.

आई आत आली तेव्हा थोरल्याने घड्याळाकडे पाहिलं. "वहिनी, आत्ता कुठे सव्वाअकरा होतायत. आज इतक्या लवकर?"

आईने ओले हात पुसले. फळीवरची मीठदाणी घेतली आणि दोघांच्या बरोबर मध्ये ठेवली.

"हो," ती म्हणाली. "आज जरा लवकरच झालं. तुम्ही बसा."