वयाला शोभेल असा आकडा

नर्सिंगच्या प्रॅक्टिकलला ओव्हाळ मॅडमनी धायरीच्या एका शाळेच्या गणवेशातली, चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आणून बसवली. “हिचं बीपी घ्या. आकडा ऐकून सांगा, पाठ करून आलेला नको,” त्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या.

पहिली विद्यार्थिनी म्हणाली, “एकशे वीस-ऐंशी.” दुसरीही तेच म्हणाली. मग तेजस्विनीने मुलीच्या दंडाला पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानाला लावला आणि हळूहळू हवा सोडली. ठोका एकशे पन्नासलाच ऐकू आला. तिने पुन्हा बीपी घेतलं. पुन्हा तेच. आपल्याच कानांचा काहीतरी घोळ आहे, असं तिला वाटलं. एवढ्याशा पोरीला कसलं आलंय बीपी! उगाच सगळ्यांसमोर हसं कोण करून घेणार?

“एकशे वीस-ऐंशी, मॅडम. नॉर्मल आहे.”

मुलीचा चेहरा एकदम खुलला. बाही सारखी करत ती मॅडमकडे वळली.

“आई, सगळ्या ताई नॉर्मल म्हणाल्या. म्हणजे आता माझी गोळी बंद ना?”