जपून ठेवलेलं पेट्रोल

कौसल्याने कॅनचं झाकण फिरवलं आणि ती वास घ्यायला वाकली. पेट्रोलचा नाकात झणझणणारा वास कुठेच नव्हता. जुन्या रंगाच्या डब्यातून यावा तसा आंबूस दर्प आला. तिने थोडं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि उजेडात धरलं. वर काळपट पिवळं, तळाशी गढूळ पाणी.

"सापडली का नाई कॅन?" अंगणातून नागोरावांनी हाक मारली.

"आणून राह्यली," ती गोठ्यातूनच ओरडली. आवाज उगाच मोठा निघाला.

अंगणात मोटारसायकल उभी होती आणि तिच्याशेजारी कौसल्याचा नवरा, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल चोपडून, नवरदेवासारखा तयार. मागच्या पावसाळ्यात लकव्याने नागोरावांची डावी बाजू गेली. पाय वळणीवर आला, हात मात्र अजून अर्धाच ऐकायचा. तेव्हापासून त्यांनी वावर पाहिलं नव्हतं. पोरगा अश्वजित पुण्याहून यायचा, म्हणायचा, बाबा, मागे बसा, मी नेतो. पण हट्टात नागोरावांना कोण हरवणार? "दुसऱ्याच्या मागं बसून आपलं वावर पाहाले जात नसतेत," एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. आणि आज चहा पिता पिता आपणहून म्हणाले, "कापूस फुटला अशीन. गाडी काढतो." कौसल्याला रडावं की हसावं ते कळेना.

ही कॅन त्यांनीच भरून आणली होती, लकव्याच्या थोडं आधी. पंप लांब दारव्ह्याला, म्हणून गावात घरोघरी थोडं पेट्रोल ठेवलेलं असतं, आणि कुणाची गाडी अडली तर बाटलीभर द्यायला कोणी नाही म्हणत नाही. कौसल्या मात्र नाही म्हणाली होती. शेजारच्या विमलची पोरगी बारावीच्या पेपरला निघालेली, त्यांची गाडी कोरडी, आणि हिने तोंडावर सांगितलं, घरात थेंब नाही. कॅन रिकामी झाली की आपला माणूस काही उठत नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. परवा अश्वजितने गाडी धुतली, बॅटरी बदलली, टाकीतलं जुनं काढून टाकलं आणि नवं भर म्हणून बजावून गेला. "हाय नं घरात," ती म्हणाली होती. पेट्रोल काय दूध आहे नासायला?

फडक्यातून गाळून ओतावं का? वावरापर्यंत तर जाईल. पण अर्ध्या वाटेत बंद पडली तर हा माणूस गाडीला बोल लावणार नाही, स्वतःलाच लावेल. पुन्हा खाटेवर जाऊन पडला की मग कुणाच्या बापाने उठवला तरी उठायचा नाही.

ती बाटली रिकामी करून मागच्या दाराने विमलकडे गेली. विमल दारात तांदूळ निवडत होती.

"विमल, बाटलीभर पेट्रोल पाह्यजे होतं." कौसल्या खाली बघूनच बोलली.

"तुमची कॅन हाय नं, काकू," विमल म्हणाली. "तवाबी होती. मले माहीत हाय."

कौसल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नासलं ते. तुले नाई म्हटलं, अन् जपून जपून नासवलं. तुये काका गाडी काढून राह्यले, विमल."

विमलने सूप खाली ठेवलं, उठून कुंपणावरून पाहिलं. नागोराव उजव्या हाताने गाडीची सीट पुसत होते.

"काका? सोताहून?"

विमलने तिच्या हातातून बाटली घेतली. नवऱ्याच्या गाडीच्या टाकीत नळी घालून तिने बाटली भरली. "आजकालचं पेट्रोल पाणी धरते, काकू. इतके दिवस ठेवाचं नाई. ते जुनं गाडीत टाकू नका, चुलीजवळबी नेऊ नका. मेकॅनिकले देऊन टाका, पार्ट धुवाले नेईन तो." बाटली हातात देताना तिने क्षणभर सोडली नाही. "त्या दिवशी काहून नाई म्हटलं, ते मले आता समजलं. लय राग होता मले."

"अन् आता?"

"आता जा. काका उभे हायत."

दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. नागोराव हसले, पण क्लचवर डाव्या हाताची बोटं वळवली आणि हसू मावळलं. दांडी अर्धीच आली. त्यांनी दात आवळून पुन्हा दाबली. अर्धीच. गाडी नुसती गुरगुरत राहिली. कपाळावर घाम आला, आणि आता हा माणूस खाली उतरणार हे कौसल्याला त्यांच्या पाठीवरून कळलं.

तिने लुगडं खोचलं. जन्मात पहिल्यांदा दोन्हीकडे पाय टाकून ती मागे बसली, त्यांच्या पाठीला चिकटून पुढे झुकली, आणि आपला डावा हात त्यांच्या डाव्या हातावर ठेवला.

"काय करून राह्यली?"

"दाबून राह्यली. टाका गेअर."

नागोरावांनी गेअर टाकला. तिने हळूहळू हात सैल केला आणि गाडी अंगणातून रस्त्यावर आली. विमल कुंपणाशी उभी होती, समोरच्या ओट्यावरच्या बायाही उठून उभ्या राहिल्या. कौसल्याचे कान तापले.

"लोकं पाहून राह्यले जी."

"पाहू दे," नागोराव म्हणाले. "दुसरा टाकाचा हाय. दाब."