पडद्यावर काहीच दिसत नाही

कॉम्प्युटरचा पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागला होता, पडदा मात्र काळाच. छबूने मागची वायर काढून बॅगेतली दुसरी लावली. काही नाही. पडदा आपल्या लॅपटॉपला जोडून पाहिला, तर लगेच चित्र आलं. म्हणजे पडदा धडधाकट होता. दुखणं पेटीच्या आत, मदरबोर्डवर होतं.

तिने पेटीचं झाकण उघडलं. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. तिने टॉर्च मागितला, तर स्वतःच धरून बसले.

"चालू करताना बीप वाजते का?"

"पूर्वी वाजायची. आता तोंडच उघडत नाही."

छबूला हसू आलं. इतकं साधं बोलणं त्यांच्यात वर्षानुवर्षं झालं नव्हतं. दादाने वहिनीचा हात पिरगळून मोडला, तेव्हा छबू त्याच खोलीत होती. कोर्टात विचारलं, तेव्हा तिने पाहिलं ते सांगितलं. वहिनी त्या लग्नातून सुटली. त्या संध्याकाळी बाबांनी छबूची बॅग जिन्यात आणून ठेवली. "आपल्याला एकच मूल झालं असं समजू," असं ते आईला म्हणाले, छबूला ऐकू जाईल अशा बेताने. पुढे ती दुरुस्तीचं काम शिकली, स्वतःचं दुकान टाकलं. आई चोरून फोन करायची आणि कुणाची चाहूल लागली की ठेवून द्यायची. बाबांचा फोन आज सकाळी पहिल्यांदा आला. त्यांनी नाव घेतलं नाही. "कॉम्प्युटर चालू होतो, पण पडद्यावर काहीच दिसत नाही. येऊन जा," एवढंच म्हणाले. छबू केससुद्धा न विंचरता निघाली होती.

तिने मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काढली, थोडं थांबून परत बसवली. फरक पडला नाही. ग्राफिक्स कार्ड काढून पाहिलं. तरी काळोखच. मग तिची नजर रॅमच्या पट्टीकडे गेली. पट्टीचं एक टोक खाचेतून वर आलं होतं आणि बाजूचा चाप सताड उघडा होता.

तिचा हात तिथेच थांबला. हा चाप आपोआप उघडत नाही. कुणीतरी हाताने उघडलेला होता.

तिने बाबांकडे पाहिलं. ते टॉर्चच्या उजेडाकडे बघत होते. लहानपणी रागावले की दुसऱ्या दिवशी ते मनगटावरचं घड्याळ काढून तिच्यापुढे धरायचे. "हे बंद पडलंय, बघ बरं." घड्याळाला नुसती किल्ली द्यायची असायची. माफी मागायची त्यांची तेवढीच रीत होती.

छबूने पट्टी काढली आणि खोडरबराने तिच्या सोनेरी कडा घासायला घेतल्या. चुटकीसरशी होणारं काम तिने जितकं लांबवता येईल तितकं लांबवलं. आईने पाणी आणून दिलं. "किती वाळलीस गं," म्हणत पाठीवरून हात फिरवला आणि घाईने आत गेली. आतल्या खोलीत कुणीतरी कपड्यांना इस्त्री करत होतं.

शेवटी तिने पट्टी खाचेत दाबली. दोन्ही चाप कट्कन लागले. बटण दाबताच बीप वाजली आणि पडदा उजळला.

"आलं," बाबांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"बाबा," छबू हळूच म्हणाली, "नुसतं ये म्हणाला असतात, तरी मी आले असते. पट्टी कशाला काढलीत?"

"कसली पट्टी?" बाबा गोंधळले. "सकाळपासून तुझा दादाच आत हात घालून बसला होता. त्याला काही जमेना, आणि रविवारची दुकानं बंद. आज काहीही करून हे चालू व्हायला हवं होतं." मग आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "ये रे बाहेर, झालं चालू."

दादा बाहेर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, नुकतीच केलेली दाढी. छबूकडे न बघता तो खुर्चीत बसला. आईने त्याच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. छबू पेटीचं झाकण लावत होती, तेवढ्यात कॉल आला. पडद्यावर एक मुलगी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिचे आईवडील.

"एकुलता एक ना हो?" मुलीच्या आईने बोलता बोलता विचारलं.

"एकुलता एक," बाबा म्हणाले.

"मग मागे त्या कोण आहेत?" मुलीने विचारलं.

बाबा हसले. "त्या होय? कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाई. निघाल्याच आहेत."

छबूने स्क्रूड्रायव्हर बॅगेत टाकला. आई जमिनीकडे बघत होती. दार उघडंच होतं. मुकाट्याने निघून गेलं, तर बाबांचा पुन्हा कधीतरी असाच फोन आलाही असता. तोंड उघडलं, तर या घराचं दार कायमचं बंद. मुलगी अजून तिच्याकडेच बघत होती, जरा संकोचून, ओळख व्हावी अशा नजरेने. लग्न होऊन आलेली वहिनी पहिल्या दिवशी अशीच बघत होती.

छबू दादाच्या खुर्चीमागे, कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी दिसतेय का तुम्हाला?"

"हो, अगदी स्पष्ट."

"मी ह्याची सख्खी बहीण. ह्याच्या पहिल्या बायकोचा नंबर देते, लिहून घ्या."