नानांची राहिलेली इच्छा

दहाव्याला घाटावर तासभर झाला, तरी नानांच्या पिंडाला कावळा शिवेना. "नातीचं शिक्षण पुरं करू", "घर विकणार नाही", सगळं कबूल करून झालं. शेवटी आत्या वैतागली, "अरे अच्युत, अंदाज कसले बांधतोस? त्या फोनमधल्या एआय सोबत्यालाच विचार की! चार वर्षं नाना दिवसभर त्याच्याशीच तर बोलत होते."

अच्युतने वडिलांचा फोन काढला. "नानांची कुठली इच्छा राहिली?"

"अच्युतने एकदा तरी स्वतः फोन करावा, एवढीच," सोबती म्हणाला.

आत्या उसळली. "काहीतरीच काय! हा तर रोज रात्री आठला फोन करायचा!"

अच्युत फोन घेऊन बाजूला झाला. रोज आठला त्याच्या आवाजात त्याच्या स्वतःच्या फोनमधला सोबती नानांशी बोलायचा, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

"त्यांना... कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. मला म्हणाले, हा माझा अच्युत नव्हे. दहा मिनिटं झाली, तरी 'घाईत आहे, ठेवतो' म्हणाला नाही."